तिला विचारलं होतंत का?

चैत्रातलं हळदीकुंकू होतं ताईकडे, कराडला. गौर मांडलेली, कलिंगडाची कमळं कापून ठेवलेली, स्वयंपाकघरात पन्ह्यातल्या वेलचीचा आणि वाटलेल्या डाळीवरच्या फोडणीचा वास एकत्र झालेला. भाची परकर-पोलकं घालून जिन्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर आंब्याच्या डाळीची वाटी, दोन्ही कानांना मशीन, केस आता खांद्याला टेकायला लागलेत. ताईच्या चुलत सासूबाई आल्या होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी तिला जवळ ओढलं, पोलकं आणि परकर यांच्या मधे पोटावरचा आडवा व्रण दिसतो ना, त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "केवढ्याशा जिवाला किती छळलंत गं. केमो झाली, ऑपरेशन झालं, वर परत ते मज्जेचं काय ते केलंत. तिला विचारलं होतंत का कुणी?"

टोमणा नव्हता तो. अक्का टोमणे मारणाऱ्यातल्या नाहीत. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. मी ओटीचे गहू घेऊन उभी होते, पुढची बाई पाटावर बसली, मी तिची ओटी भरली, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. पण परत येताना बसमध्ये, नंतर ऑफिसमध्ये, भाजी निवडताना, तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. अजून फिरतंय.

सुरुवात कशी झाली ते सांगते. पोर तीन वर्षांचीही पूर्ण नव्हती. लंगडायला लागली. खेळताना पडली असेल म्हणून तेल लावलं, शेकलं. मग रात्री पाय दुखतात म्हणून रडायला लागली, ताप यायचा जायचा. मग एक दिवस सकाळी उठली तर दोन्ही डोळ्यांभोवती निळं-काळं, कुणी बुक्की मारल्यासारखं. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. डोळ्यांमागच्या हाडात गाठ उतरली की असं होतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सोनोग्राफीत किडनीच्या वर गाठ दिसली आणि तिथून आमचा मुक्काम मुंबईत. लघवीची तपासणी, आजार अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारं एमआयबीजी स्कॅन, कमरेच्या हाडातून दोन्ही बाजूंनी मज्जा काढून बघितली. न्यूरोब्लास्टोमा, लहान मुलांचा एक कॅन्सर. त्यातही हाय रिस्क, म्हणजे मज्जेत आणि हाडांत पसरलेला. मज्जातंतूंच्या ज्या कच्च्या पेशी बाळ पोटात असताना मोठ्या व्हायच्या असतात त्याच बिघडतात, म्हणून हा आजार मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि निदान होतं तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांमध्ये तो पसरलेला असतो. हे ऐकून ताईला जरा बरं वाटलं होतं असं ती नंतर म्हणाली. आपण लवकर आणलं असतं तर, हा विचार त्या दिवसापुरता तरी गप्प बसला.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागदावर एक लांबच लांब रेघ मारली. रेघेवर खुणा. आधी केमोच्या सायकल, मधेच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून ठेवायच्या, मग ऑपरेशन, मग मोठा डोस आणि ट्रान्सप्लांट, मग रेडिएशन, मग सहा महिने गोळ्या. दीड वर्षाच्या आसपास. दाजी म्हणाले, "गाठ आहे तर आधी ती काढून का टाकत नाही?" आम्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं. तर गाठ पोटातल्या मुख्य रक्तवाहिन्यांना, किडनीच्या नसांना गुंडाळून बसलेली असते, तशीच काढायला गेलं तर रक्तस्रावाचा धोका फार, आणि काढली तरी हाडांत जे गेलंय त्याचं काय. म्हणून आधी केमो, म्हणजे सगळीकडचं कमी होईल, गाठ आवळेल, घट्ट होईल, मग सर्जनच्या हाताला येईल. सर्जन मोठा भाग काढणार, पण शेवटच्या कणासाठी मुख्य रक्तवाहिनी पणाला लावणार नाही. आणि तरीही डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी कुठेतरी उरतातच, त्यांच्यासाठी केमोचा एवढा मोठा डोस द्यायचा की त्यात तिची स्वतःची मज्जाही टिकणार नाही. मज्जा गेली की रक्तच तयार होणार नाही. म्हणून आधी काढून ठेवलेल्या तिच्याच स्टेम सेल तिला परत द्यायच्या. औषध काय ते तो मोठा डोस, ट्रान्सप्लांट फक्त त्यातून तिला परत वर काढायला. दाजी शेतकरी माणूस, ते एवढंच म्हणाले, "म्हणजे बियाणं आधी बाजूला काढून ठेवायचं, आन मग रान साफ." डॉक्टर हसले, म्हणाले हो, तसंच.

गावाकडून फोन यायचे, ट्रान्सप्लांट करणार म्हणे, डोनर कोण? ताई देणार की दाजी? तिचंच तिला, असं सांगितलं की पलीकडे जरा वेळ शांतता. लोकांच्या डोक्यात भावाने बहिणीला मज्जा दिली हेच चित्र असतं, आणि ते खोटंही नाही, भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी केलं ते ब्लड कॅन्सर झालेल्या एका लहान मुलीवरच, आणि मज्जा तिच्या भावाची होती. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवर बसून वॉर्डात फिरणारा हा माणूस, आणि त्या काळात आपल्याकडे कुणी न केलेलं काम हातात घेतो. रात्री झोप लागायची नाही तेव्हा मी असलं काहीबाही वाचायचे. ज्या रस्त्यावरून आपण चाललोय तिथे आधी कुणीतरी चालून गेलंय, तेवढाच आधार.

स्टेम सेल काढायचा दिवस मला फार लख्ख आठवतो. त्याआधी रोज जीसीएसएफचं इंजेक्शन, त्याने पेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि हाडं ठणकतात. मशीन केवढं मोठं आणि ती केवढीशी. एवढ्या लहान मुलांचं रक्त कमी असतं म्हणून मशीनच्या नळ्या आधी दुसऱ्याच्या रक्ताने भरून घ्याव्या लागतात. एका नळीतून रक्त जातंय, आत गरगर फिरतंय, हव्या त्या पेशी वेगळ्या होतायत, बाकीचं दुसऱ्या नळीतून परत येतंय. मधेच म्हणाली, "माऊ, ओठांना मुंग्या आल्या." मला, मावशीला, ती माऊ म्हणते. रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्याने कॅल्शियम खाली जातं, म्हणून तसं होतं, सिस्टरने लगेच कॅल्शियम लावलं. चार-पाच तासांनी वर एक छोटीशी पिशवी भरली, टोमॅटो सूपच्या रंगाची. ती नायट्रोजनच्या टाकीत गेली, उणे १९६ अंशांवर. पोर आईच्या मांडीवर झोपलेली आणि पिशवी खालच्या मजल्यावर गोठलेली. मला त्या रात्री सारखं वाटत होतं लाइट तर जाणार नाही ना. लाइटचा काही संबंध नसतो, द्रवरूप नायट्रोजन असतो, पण मन कुठे ऐकतं.

आता आकड्यांचं. अक्कांना मी हे कधी सांगू शकले नसते पण इथे लिहिते. अमेरिकेत ५३९ मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, डॉ. कॅथरीन मॅथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तो छापला. ज्यांना मोठा डोस देऊन स्वतःची मज्जा परत दिली त्यांच्यापैकी तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेली मुलं शंभरात ३४. ज्यांना नुसती केमोच चालू ठेवली त्यांच्यात २२. म्हणजे शंभरात बारा पोरं. आणि त्या बारांसाठी शंभरच्या शंभर पोरांनी तो डोस सोसायचा, कारण बारा कुठली ते आधी कळत नाही. नंतर उपचार सुधारत गेले, २०१९ मध्ये एका ऐवजी लागोपाठ दोन ट्रान्सप्लांट करून पाहिल्याचे निकाल आले, तिथे तीन वर्षांनी आजार न उलटता राहिलेली मुलं दोन ट्रान्सप्लांटवाल्यांत ६१.६ टक्के, एकवाल्यांत ४८.४. आमच्या डॉक्टरांनी एकच करायचं ठरवलं होतं. ताईने आकडे एकदा ऐकले आणि परत कधी विचारले नाहीत. दाजींनी मात्र ते ऊसबिलाच्या पावतीमागे लिहून खिशात ठेवले होते, शर्ट धुवायला टाकताना मला सापडले.

शंभरात बारा. तुम्ही काय केलं असतं?

सगळे त्या रेघेच्या टोकाला पोचतही नाहीत, हे कुणी सांगत नाही. आम्ही ज्या संस्थेच्या केंद्रात राहात होतो, मुंबईत अशी केंद्रं आहेत, बाहेरगावच्या पेशंट मुलांना आणि आईवडिलांना फुकट खोली, सगळ्यांचं एक स्वयंपाकघर, प्रत्येकाची आपली शेगडी, नसती तर आम्हीही परळच्या फुटपाथवरच असतो, तिथे बाजूच्या शेगडीवर बिहारची एक बाई असायची. तिच्या मुलाला हेच. दोघी एकमेकींचं बघून शिकल्या, ती चोखा करायची, ताई भाकरी थापायची. त्याची केमो आमच्या आधी संपली. स्कॅन झालं, मज्जा परत तपासली, आणि मज्जेत आजार तसाच. आजार आटोक्यात नसताना मोठा डोस देऊन उपयोग नसतो, डॉक्टरांनी दुसरी औषधं सुचवली, पण नवऱ्याचं काम सुटलेलं, जमीन गहाण, घरी अजून दोन पोरं. ते गेले. जाताना ती बाई आपला कुकर ताईला देऊन गेली, म्हणाली ट्रेनमध्ये ओझं होतं. त्या कुकरमध्ये ताईने पुढे आमचा मुक्काम संपेपर्यंत भात लावला. त्या पोराला तरी कुणी विचारलं होतं, की पुढचं हवंय की नको.

ट्रान्सप्लांटच्या रूमला दोन दारं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत हवा गाळून येते, तिचा एक बारीक सूं आवाज चोवीस तास. ताई आणि मी आळीपाळीने आत, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. कच्चं काही नाही, ना कोशिंबीर ना फळाची फोड, पाणी उकळलेलं, जेवण ताजं आणि झाकलेलं. मोठ्या डोसातली औषधं दोन, आधी बुसल्फान, त्यासोबत फिट येऊ नये म्हणून वेगळं औषध. मग मेल्फलान. मेल्फलान चालू असताना सिस्टर बर्फ घेऊन आली आणि म्हणाली हा चोखत राहायचा, थांबायचं नाही. तोंड गार राहिलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं, मग फोड कमी येतात. पोरीला वाटलं गोळा. काला खट्टा मागितला तिने. तो काही मिळाला नाही, साधा उकळलेल्या पाण्याचा बर्फ, पण तिने मन लावून चोखला, हनुवटीवरून पाणी गळतंय, दात कडकड वाजतायत, मी टॉवेल धरून.

मग डे झिरो, म्हणजे पेशी परत द्यायचा दिवस. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल, डॉक्टरांची फौज येईल. एक टेक्निशियन धूर निघणारी टाकी घेऊन आला, गोठलेली पिशवी कोमट पाण्यात धरली, ती पातळ झाली, आणि छातीवरच्या लाइनमधून, म्हणजे नसेत बसवून ठेवलेल्या नळीतून, काही मिनिटांत आत गेली. संपलं. आणि मग खोलीत वास पसरला. पेशी गोठवताना जे घालतात ते श्वासातून बाहेर येतं, लसूण आणि उकडलेलं मक्याचं कणीस एकत्र केल्यासारखा वास, पुढचे एकदोन दिवस तिच्या टोपीला, उशीला, माझ्या ओढणीला तोच. अजूनही महाबळेश्वरच्या रस्त्याला कणसाच्या गाड्या दिसल्या की मी काच वर करते.

त्यानंतरचे दिवस खरे. बर्फ चोखूनही तोंड आलंच. थुंकी गिळता येईना, टिश्यूचे बोळे, मॉर्फीनचा पंप, जेवण नळीतून. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काउंट शून्य. खाली रक्तपेढीत पांढऱ्या पेशी तर मिळत नाहीत, पण प्लेटलेट लागायच्या सारख्या, एसडीपी, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनवर काढलेल्या. त्या पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, माणूस त्या त्या वेळी हजर लागतो. दाजींच्या गावची तालमीतली पोरं रात्रीची एसटी पकडून यायची, सकाळी दीडेक तास मशीनवर झोपून प्लेटलेट द्यायची, वडापाव खाऊन दुपारच्या गाडीने परत. त्यातल्या कित्येकांनी पोरीला पाहिलेलंही नाही. डोनर कोण विचारणाऱ्यांना खरं तर ही नावं सांगायला हवी होती.

आणि आता अक्कांच्या प्रश्नाकडे येते. आम्ही तिला विचारलं नव्हतं. पण तिने उत्तर दिलं होतं. "नको." किती वेळा म्हणाली. लाइनचं ड्रेसिंग बदलताना म्हणाली, तोंड धुवायच्या औषधाला म्हणाली, ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारात माझी कॉलर धरून म्हणाली, आणि त्या रूममध्ये एका पहाटे, ओरडायची ताकद नव्हती म्हणून कुजबुजत म्हणाली, माऊ नको, घरी. आम्ही तिचे हात धरले आणि सिस्टरला मान हलवून सांगितलं, करा. हे असंच झालं, याला दुसरं काही नाव देता येत नाही. माझा निर्णयावर आजही विश्वास आहे, तीन वर्षांच्या पोराला शंभरात बारा समजावून सांगता येत नाही आणि त्याच्या नकोवर असा आजार सोडून देता येत नाही. पण विश्वास आहे म्हणून ते नको पुसलं जात नाही. दोन्ही आहे.

तिथल्या एका सिस्टरचा मात्र नियम होता, केरळच्या होत्या, मराठी तोडकंमोडकं. आपल्याकडे मोठ्यांची सवय असते ना, काही नाही होत, मुंगी चावेल, डोळे मिट. त्या हे कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. त्या पलंगावर तिच्या समोर बसायच्या, मास्कच्या वरून डोळ्यात बघायच्या आणि म्हणायच्या, "दुखणार. दहा मोजेपर्यंत दुखणार. मग संपणार." आणि मग विचारायच्या, पट्टी तू काढणार की मी? पाण्याने ओली करून काढू की तशीच? आधी कुठली बाजू? होईल की नाही हे तिच्या हातात नव्हतं, पण कसं होईल यातलं जेवढं देता येईल तेवढं त्या बाईने तिला दिलं. काही दिवसांत पोर स्वतःच पट्टीचं टोक उचलायला लागली, एक एक मिलिमीटर, ओठ चावत, आम्ही सगळे थांबलेलो. माझ्या मते लहान मुलांच्या प्रत्येक वॉर्डात पहिली शिकवण हीच हवी. पोराची परवानगी घेता येत नसेल तर निदान त्याच्याशी खोटं तरी बोलू नका.

काउंट वर आले, दोनेक आठवड्यांनी. मग रेडिएशन झालं. मग आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल, ज्या खरं तर मुरुमांसाठी देतात, पण उरलेल्या कच्च्या पेशींना मोठं व्हायला लावतात, चौदा दिवस द्यायच्या चौदा दिवस थांबायचं. तिला गिळता यायच्या नाहीत, ताई टाचणीने टोचून तुपात पिळायची, ओठ सोलून निघालेले. अँटिबॉडीचं एक औषध असतं यापुढे, डिनुटुक्सिमॅब, अमेरिकेत २०१५ पासून मंजूर आहे, त्याने फरक पडतो. आम्हाला ते परवडणारं नव्हतं, आपल्याकडे बहुतेकांना परवडत नाही. इतकं सगळं सोसलेल्या पोराच्या रेघेतली शेवटची खूण पैशांसाठी खोडायची, याचा मला राग येतो आणि तो जात नाही.

केमोतल्या सिस्प्लॅटिनने कान गेले, वरच्या पट्टीतले आवाज तिला ऐकू येत नाहीत, स आणि श मधे गोंधळ होतो, म्हणून मशीन. हृदयाचा एको दरवर्षी. आणि बुसल्फानने पुढे तिला स्वतःचं मूल होईल का, हा प्रश्न आहेच, तो धोकाही आम्हीच तिच्या वतीने पत्करून टाकला, ती पहिलीत जायच्या आधी. सध्या स्कॅन स्वच्छ आहेत, पुढचं दिवाळीनंतर.

तिला हे सगळं मोठेपणी लागणार. कुठल्या औषधाचा किती डोस मिळाला, कुठे रेडिएशन झालं, हे पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगावं लागतं. फाइल आहे, ताईने लॅमिनेशन करून ठेवलीय. पण फाइलमध्ये नसलेलं लिहायला तिने एक दोनशे पानी वही घेतलीय, आम्ही काय ठरवलं, का ठरवलं, काय सोडून द्यावं लागलं. दाजींनी त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात तीन पानं लिहिलीत, ती ऊसबिलाची पावतीही आत चिकटवलीय. तालमीतल्या पोरांची नावं लिहिलीत, तारखांसकट. माझ्या वाट्याला ट्रान्सप्लांटच्या रूमचे दिवस आले. बर्फाचं लिहून झालंय, वासाचं झालंय, सिस्टरचं झालंय. आणि त्या पहाटेचंही लिहिलंय, की तू नको म्हणाली होतीस, आम्हाला ऐकू आलं होतं, आणि आम्ही तरी केलं. ताईने ते पान वाचलं, जरा वेळ तशीच बसली, म्हणाली राहू दे, काढू नकोस.